इंग्लंडच्या राणीचा मळवट

राजाचा मुगुट पुठ्ठ्याचा असतो. राणीचे केस तागाचे असतात. आणि सेनापतीच्या दाढीखालचा गोंद असा खाजतो की लढाईत तो तलवार कमी चालवतो आणि हनुवटी जास्त खाजवतो. हे मी खात्रीनं सांगतो, कारण उभा जन्म मी तेच केलं. शहापूरच्या बाजारात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचे, सोबत मिशा, दाढ्या, तलवारी द्यायच्या, आणि लागलं तर तोंड रंगवायला स्वतः जायचं.

संपादक म्हणाले, बाबा, तुमच्या धंद्यातलं लिहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली. ते म्हणाले, बरं झालं, म्हणजे वाचकाला कळेल. आता माणूस असं बोलल्यावर काय करणार. लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की अंगरखा एक आणि राजे पाच. गावातल्या नाटकमंडळींना वाटतं प्रत्येक राजाचा कपडा वेगळा असतो. तसं काय नाय. लोक राजाचं डोकं बघतात आणि पाय बघतात. पगडी बदला, जोडे बदला, मधला अंगरखा तोच. माझ्याकडच्या एका लाल मखमली अंगरख्यानं रावण केला, हरिश्चंद्र केला, दिल्लीचा बादशहा केला आणि एका लग्नात बँडवाला पण केला.

दुसरा नियम, ड्रेस घातल्यावर नटाला भजी द्यायची नायत. तिसरा नियम, यमाचा ड्रेस ओळखीशिवाय द्यायचा नाय. याला कारण आहे. मुरबाडकडचा एक गृहस्थ शाळेच्या कार्यक्रमाला म्हणून यमाचा ड्रेस घेऊन गेला. शाळा कसली आणि कार्यक्रम कसला! त्याचा मेव्हणा प्यायचा, त्याला घाबरवून दारू सोडवायची होती. हा शिंगं, गदा, मिशा सगळं लावून म्हसा गावात मेव्हण्याच्या दारात उभा राहिला आणि ओरडला, "चल, तुझी वेळ झाली!" मेव्हणा आधीच टाइट. तो म्हणाला, "येवढ्या लांबून आलाव, बसा तरी." यमाला बसवलं, यमाला पाजली. ड्रेस मला तिसऱ्या दिवशी परत मिळाला. मिशी नव्हती. विचारलं तर म्हणतो, ती रेड्याला लावली होती, रेडा चरायला गेला.

हे सगळं ऐकून आमची यमुना पोट धरून हसायची. यमुना म्हणजे माझी बायको. दुकान माझ्या नावावर असलं तरी धंदा तिचा होता हे मी तेव्हा पण सांगायचो. मी तोंडं रंगवायचो, दाढ्या चिकटवायचो, गिऱ्हाइकाशी भांडायचो. शिवणं, उसवणं, जाड्या अर्जुनाचा कपडा बारीक अर्जुनाला बसवणं हे तिचं. गेल्या भाद्रपदात ती गेली. सकाळी चहा केला, मला दिला, स्वतःचा कप तसाच ठेवून भिंतीला टेकली. झालं.

बायका म्हणाल्या, नवऱ्याला बोलवा. नवऱ्याआधी जाणाऱ्या बाईला आमच्याकडं अहेव म्हणतात. तिला हिरवं लुगडं नेसवतात, हिरवा चुडा भरतात, आणि मळवट नवरा भरतो. मळवट म्हणजे सगळं कपाळ कुंकवानं भरायचं. आलेल्या बायका मग तिच्या पाया पडतात, तिच्या कपाळाचं कुंकू स्वतःला लावतात. तसं मरण यावं असं प्रत्येकीला वाटतं. मी मळवट भरला. हात हलला नाय. हजारो तोंडं रंगवलेला हात तो, तो कशाला हलेल? कडा एकदम नीट आल्या. मागून एक बाई हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याच्या डोळ्याला पानी पन नाय." मी ऐकलं.

तर त्यानंतर माझी मुलगी सुरेखा मागं लागली. ती वाशिंदला राहते, नवीन इमारतीत, लिफ्टच्या. जावई तिथल्याच कंपनीत आहे. माणूस चांगला, बोलतो कमी.

"बाबा, दुकान बंद करा आनि चला. कल्याणचा तो ड्रेसवाला सगळ्या पेट्या उचलायला तयार हाय."

"मी नाय येत."

"एकटे काय करनार? तुमाला सुईत दोरा घालता येतो का?"

"पिना लावतो."

"पिना लावून नाटक होतं का?"

"होतं."

"बरं," ती म्हणाली. ती तिच्या आईसारखी भांडत नाय, ती वकिलासारखी भांडते. "एक खेळ एकट्यानं करून दाखवा. मी बघायला येनार. एकही तक्रार आली नाय तर ऱ्हावा शहापूरला, मी पुन्हा बोलनार नाय. तक्रार आली तर सामान बांधायचं. कबूल?"

मी रागात कबूल म्हटलं. रागात कबूल केलेलं पाळावं लागतं, हा पण आमच्या धंद्याचाच नियम.

आणि आठ दिवसांनी आलं कोण, तर देसले सर. टोकावड्याच्या अलीकडं एक इंग्रजी शाळा आहे, तिथं ते इतिहास शिकवतात. तरुण पोरगा, लग्न व्हायचंय. दुकानाच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "बाबा, गॅदरिंगला इंग्लंडच्या राजाचं नाटक करतोय. आठवा हेन्री."

"पहिले सात कुठं गेले?"

"ते होऊन गेले."

"मग याचं काय एवढं?"

"याच्या सहा बायका."

मी म्हटलं, थांबा, चहा सांगतो. सहा बायकांची गोष्ट चहाशिवाय ऐकायची नसते.

सरांनी सगळं सांगितलं. आधी या हेन्रीच्या बापाची गोष्ट. तिकडं दोन घराणी होती, एकाचं निशाण लाल गुलाब, दुसऱ्याचं पांढरा गुलाब. चुलत चुलत भावांची गादीवरून मारामारी, वर्षानुवर्षं. शेवटी एका लढाईत पांढऱ्याकडचा राजा मेला, त्याचा मुगुट म्हणे काटेरी झुडपात सापडला, तो उचलून बापानं स्वतःच्या डोक्यावर घातला. आणि मग पांढऱ्या घराण्यातलीच मुलगी करून भांडण मिटवलं.

"आमच्याकडं बांधाची भांडणं अशीच सोयरिकीनं मिटतात," मी म्हटलं. "आणि त्या मेलेल्या राजाचं काय केलं?"

"कुठंतरी पुरला. शेकडो वर्षं कुणाला माहीत नव्हतं. आत्ता आत्ता हाडं सापडली. गाड्या उभ्या करायच्या जागेखाली."

म्हणजे उद्या वाशिंद स्टेशनबाहेर पार्किंग खणलं तर कोण निघेल सांगता येत नाय.

मग आठवा हेन्री. पहिली राणी कॅथरीन, तिला एक मुलगी जगली, मुलगा जगला नाय. याला मुलगाच पाहिजे. म्हणून दुसरी केली, तिचं नाव अ‍ॅन. त्यासाठी याचं थेट रोमच्या सगळ्यात मोठ्या धर्मगुरूशी भांडण, स्वतःचा धर्म वेगळा काढला. मुलगा होणार म्हणून मोठ्या खेळांची तयारी करून ठेवली होती. झाली मुलगी. खेळ रद्द. म्हणजे पेढे सांगून ठेवावेत आणि बर्फी पण वाटू नये, तसं. आणि गंमत अशी की त्याच मुलीनं, एलिझाबेथनं, पुढं बापापेक्षा जास्त वर्षं राज्य केलं.

मला पण एकच मुलगी. लोकांनी मला पण दुसरीचा सल्ला दिला होता. माझ्याकडं राज्य नव्हतं, म्हणून असेल, मी बायको नाय बदलली.

तिसरी राणी जेन, तिला मुलगा झाला आणि बाळंतपणातच गेली. चौथी चित्र बघून पसंत केली, समोर आली तेव्हा म्हणाला पसंत नाय. चित्रकारानं जरा जास्तच पॉलिश केलं असणार, आमचाच भाऊबंद तो. ती बाई शहाणी. बरं म्हणाली, काडीमोड घेतला, घरदार घेतलं आणि सुखानं जगली. पाचवी पोरसवदा, तिचं मुंडकं उडवलं. सहावी शेवटपर्यंत टिकली, राजाच आधी मेला.

"आणि दुसरीचं? त्या अ‍ॅनचं?" मी विचारलं.

सर जरा हळू बोलायला लागले. "तिच्यावर नको नको ते आरोप ठेवले. तलवारीनं डोकं उडवलं. तलवारवाला खास फ्रान्सवरून आणला होता. पण तिच्यासाठी पेटी आणायची कोणाला आठवण राहिली नाही. दासींनी कापडात गुंडाळलं आणि बाण ठेवायच्या पेटीत घालून पुरलं."

"आणि नवरा?"

"तो आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जेनशी साखरपुडा केला."

चहा थंड झाला होता. कपाटातून रावणाचा लाल मखमली अंगरखा काढला आणि म्हटलं, "हा तुमचा राजा. खांदे रुंद करून देतो."

पुढचे दिवस मला बरे गेले. खोटं कशाला बोलू, भाद्रपदानंतर पहिल्यांदा बरे गेले. राजाचा फोटो सरांनी मोबाइलवर दाखवला होता. खांदे असे की दारातून आडवं यावं लागेल. मी खांद्यात भाताचा पेंढा भरला, पोटऱ्यांना पण पेंढा भरला. टोपीवर कोंबड्याचं पांढरं पीस. राण्यांचे घागरे घंटेसारखे फुगलेले पाहिजेत, त्यासाठी आतून कडी लागतात. ते काम मंजुळाच्या बापानं केलं. मंजुळा म्हणजे अ‍ॅन राणी झालेली मुलगी, डोंगराकडच्या वाडीतली, नववीत. तिचा बाप बांबूच्या टोपल्या विणतो. त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "ही तं कोंबड्या झाकायची डालगी हाय, फकस्त वर बाई हाय." आणि कामट्यांची सहा डालगी विणून दिली, एकदम हलकी.

गळ्याभोवती मी कागदाच्या चुण्यांच्या झालरी केल्या. सर बघून म्हणाले, "बाबा, झालरी सुंदर आहेत, पण त्या नंतरच्या. त्या मुलीच्या राज्यात आल्या. आईच्या वेळी नव्हत्या."

"मुलीचं आईनं घातलं तर काय बिघडलं?"

सर हसले. राहू दे म्हणाले. तिथंच त्यांनी मला आवरायला हवं होतं.

शिवण मात्र काय केली नाय. मी सगळं पिनांनी केलं. सहा राण्या, आणि प्रत्येकीच्या अंगात मूठभर सेफ्टी पिना. मी त्यांना सांगितलं होतं, पोरींनो, जोरात श्वास घेऊ नका, लढाई सुरू होईल.

गॅदरिंग भर दुपारी ठेवलं होतं, कारण वाड्यांवरच्या लोकांना घाटाकडच्या एसट्या पकडून परत जायचं असतं. मांडव गच्च भरला होता. पुढं पाहुणे आणि मोठ्या मॅडम, म्हणजे शाळेच्या प्रिन्सिपल. मागं आयाबाया, काही भाताची कामं सोडून आलेल्या. सुरेखा वाशिंदवरून आली होती, मधल्या रांगेत हाताची घडी घालून बसली. परीक्षक बसतात तशी.

नाटक इंग्रजीत, पण एक मुलगी मधेमधे मराठीत सांगायची काय चाललंय ते. छान चाललं होतं. मुगुट झुडपात सापडला. टाळ्या. राजा आला. राजा म्हणजे दहावीतला हर्षल, शेलवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं काडी. पण पेंढ्यानं असा भरला होता की त्याची आई ओरडली, "आगो बय, ह्यो आपला?" पहिली राणी रडून गेली. मुलगी झाली, खेळ रद्द झाले. राणीवर खटला झाला. ढोल वाजला, पडद्यामागं तलवार पडल्याचा आवाज. तो आवाज मी केला, पत्र्यावर कोयता मारून.

आता पुढचा प्रवेश असा होता की दासी मेलेल्या राणीला पेटीवर ठेवून आणतात, आणि एका बाजूला राजा अंगरख्याच्या आत पिवळा शर्ट घालून जेनबरोबर उभा असतो, साखरपुड्याला. सरांनी मला सांगितलं होतं, मंजुळाला पांढऱ्या कापडात गुंडाळा. सर पलीकडच्या बाजूला होते. मी आणि मंजुळा स्टेजमागच्या वर्गात, बाकांच्या मागं. मी पांढरं कापड हातात घेतलं. आणि माझं काम थांबलं.

"मंजुळे, हिचा नवरा जिता हाय ना?"

"हो बाबा. तो काय, पिवळा शर्ट घालून."

"मग झालं."

मी पांढरं कापड ठेवून दिलं. हिरवं लुगडं पेटीत होतंच, नवरीच्या सामानातलं. ते घागऱ्यावरून पांघरलं. हिरव्या बांगड्या भरल्या.

"बाबा, सरांनी पांढरं सांगितलंय."

"सरांचं लग्न झालं नाय अजून. त्यांना काय म्हाईत? तू गप. मेलेली मानसं बोलत नायत."

आणि मळवट भरायला घेतला. अंगठा कुंकवात बुडवला आणि डाव्या भुवईपासून सुरुवात केली. यमुनाच्या कपाळाला डाव्या बाजूला एक खड्डा होता, लहानपणी जात्यावर पडल्याचा. कुंकू तिथं जास्त लागायचं. माझ्या अंगठ्यानं तो खड्डा शोधला. नव्हता. पंधरा वर्षांच्या पोरीचं कपाळ, गुळगुळीत. तेव्हा मात्र माझा हात हलला. मंजुळानं डोळे मिटले होते, तिनं बघितलं नाय. कड वाकडी आली ती मी तशीच ठेवली, वेळ नव्हता.

दासींनी पेटी उचलून स्टेजवर नेली. मी पडद्याच्या कडेला येऊन उभा राहिलो.

मांडवात सगळ्यांच्या माना वर झाल्या. इंग्रजी राणी, गळ्याला कागदाची झालर, अंगावर हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. निवेदन करणारी मुलगी हातातला माइक विसरली. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. ठकीबाई, मंजुळाच्या वाडीतली, मुरबाडच्या बाजारात रानभाजी विकते, सगळा तालुका तिला ओळखतो. ती सरळ चालत आली, पायऱ्या चढली, डोक्यावर पदर घेतला आणि राणीच्या पाया पडली. कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन स्वतःला लावलं. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं तिसरी. बघता बघता स्टेजच्या पायरीपासून मांडवाच्या दारापर्यंत बायकांची रांग लागली. सवाष्ण गेली की लागते तशी. कोणी सांगितलं नाय, कोणी विचारलं नाय.

मंजुळाला गुदगुल्या व्हायला लागल्या. पायाला एवढे हात लागतायत म्हटल्यावर होणारच. तिचं पोट हलायला लागलं.

"हलू नको गो," ठकीबाई तिच्या कानात म्हणाली. "मेल्यावर तरी नीट ऱ्हावावं मानसानं."

मग ठकीबाईचं लक्ष राजाकडं गेलं.

"हा कोन गो?"

"राजा. तिचा नवरा," एक दासी म्हणाली.

"मंग तिकडं काय करतो? आनि ही बाजूला पोरगी कोन?"

"त्याची नवीन बायको, आजी. साखरपुडा चाललाय."

ठकीबाईचा चेहरा मी बघितला. तिनं कमरेवर हात ठेवले. "आं? राणी आजून दारात हाय आनि हा टिळा लावून घेतो? हिकडं ये रे मेल्या! मारलीस ती मारलीस, आता कुकू तरी लाव तिला!"

हर्षलनं देसले सरांकडं बघितलं. सरांनी डोकं धरलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? मी मान हलवली. इंग्लंडचा राजा खाली मान घालून आला. मागून कोणीतरी ओरडलं, "टोपी काढ रे!" त्यानं टोपी काढली. गुडघ्यावर बसताना डाव्या खांद्याची पिन सुटली आणि सगळा पेंढा बाहेर आला. तो तसाच, एक खांदा मोठा एक बारीक, राणीच्या कपाळाला कुंकू लावायला लागला. मी वाकडी ठेवलेली कड त्यानं अजून वाकडी केली. आणि त्याला रडू आलं. त्याला पण कळलं नाय का. नंतर म्हणाला, बाबा, सगळे बघत होते म्हणून असेल.

एवढ्यात जेन राणीनं, म्हणजे प्राची नावाच्या मुलीनं, हातातली फुलं खाली ठेवली आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "सर, मी नाय याच्याशी लगीन करत."

मांडव असा हसला की बाहेरच्या एसटीचा ड्रायव्हर बघायला आला. सर पडद्याआडून हात जोडत होते. प्राची ऐकेना. शेवटी ठकीबाईनंच तोडगा काढला. "तेरावं होऊ दे, मंग कर गो बाय." प्राचीला पटलं. निवेदन करणाऱ्या मुलीला माइक सापडला आणि ती म्हणाली, "मग तेरावं झाल्यावर राजानं तिसरं लग्न केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटक पुढं झालं, सगळ्या राण्या येऊन गेल्या, पण सगळ्यांचं लक्ष राजाच्या पडक्या खांद्याकडं.

रांगेच्या शेवटी सुरेखा होती. ती पण पाया पडली. मंजुळा मला नंतर म्हणाली, "त्या काकूंनी पाय सोडलेच नायत बाबा, मला वाटलं काय झालं."

नाटक संपल्यावर मोठ्या मॅडमनी बोलावलं. खुर्ची दिली. बाई चांगली आहे, उगाच ओरडली नाय. म्हणाल्या, "आजोबा, मुलांना आम्ही इतिहास शिकवतो. इंग्लंडच्या राणीला मळवट नसतो. आणि त्या दोघांचं लग्न तिच्या मृत्यूच्या आधीच रद्द झालं होतं. देसले सरांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"रद्द केलं कोणी?"

"राजाच्या माणसांनी."

"मग ते मी धरत नाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ते तुम्ही धरा नाही तर न धरा, पाहुण्यांसमोर शाळेचं हसं झालं. सांगितलेलं सोडून दुसरं करायचं नव्हतं. ही माझी तक्रार आहे."

मॅडमचं बरोबर होतं. सांगितलं पांढरं, केलं हिरवं. त्यात माझी बाजू काय नव्हती, म्हणून मी मांडली नाय.

बाहेर देसले सर पेट्या टेम्पोत चढवायला मदत करत होते. त्यांना पण बोलणी बसली होती, पण पोरगा हसत होता. "बाबा, एक सांगू? खरं लग्न तिच्यानंतर अकराव्या दिवशीच झालं होतं."

"म्हणजे सुतकात!"

"सुतकात."

"तुमच्या राजाचं काय खरं नाय," मी म्हटलं.

टेम्पोत सुरेखा माझ्याशेजारी बसली. कपाळावर राणीचं कुंकू तसंच. दुकानाशी उतरताना मीच म्हटलं, "तक्रार आली."

"ऐकलं मी."

ती रात्री माझ्याकडंच राहिली. मी सकाळी उठून सामान बांधलं. सामान ते काय, दोन पिशव्या. शब्द तो शब्द. यमुनाचा फोटो काढला, कापडात गुंडाळला, वर ठेवला. दुकानाच्या दारात पिशव्या ठेवून बसलो.

सुरेखा आतून आली. "हे काय?"

"वाशिंद. तक्रार आली ना."

"ती शाळेची तक्रार. मी कुठं काय म्हटलं?"

"तूच म्हणालीस, एकही तक्रार..."

"माझी तक्रार वेगळीच हाय." तिनं टेम्पोतून उतरवलेली पेटी उघडली आणि चौथ्या राणीचा घागरा बाहेर काढला. झटकला. चार पिना खाली पडल्या. "ही राणी पसंत पडली नाय तर नवल काय! कमरेत केवढा ढगळ केलाय! आनि ही शिवण उसवलीय, ही पन उसवलीय. असं गिऱ्हाइकाला देता तुमी? मी रविवारी येत जाईन. पिना बंद. समजलं?"

मी समजलो. पिशवीतून फोटो काढला आणि परत खिळ्याला लावला.

"सुई कुठं असते?" ती म्हणाली.

"मला काय म्हाईत? तुझ्या आईला विचार," मी बोलून गेलो.

ती थांबली. मग हसली. मी पण हसलो. मग आम्ही दोघांनी सगळं दुकान उलटं केलं. पेट्या काढल्या, मिशांचे डबे बघितले, यमाच्या ड्रेसचे खिसे बघितले. सुयांची डबी सापडली नाय. बाईनं कुठं ठेवली होती तिलाच ठाऊक. सुरेखा अजून एक पेटी उघडत होती, म्हणाली, असेल हो कुठंतरी, सापडेल. मी म्हटलं, बस कर. चपला घातल्या, बाजारात गेलो, आणि नवीन सुया घेऊन आलो.